सोमवारी सलून बंद असतं

आमचा मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. केस खांद्याला टेकलेत. मागे काळं रबर लावून त्यांचा एवढासा अंबाडा घालतो. सुट्टीत घरी आला की माझी आई त्याला पुढ्यात बसवते, डोक्यावर तेल थापते आणि म्हणते, "एवढे केस तर माझ्या लग्नात मला बी नव्हते रं." तो हसतो. मी पेपर वाचत असतो. आलेले पाहुणे आधी त्याच्या अंबाड्याकडे बघतात, मग माझ्याकडे, कारण माझी शिस्तीची ख्याती त्यांना ठाऊक असते. एखादा धीट असला तर विचारतोच, "तुम्ही काही बोलत नाही का याला?"

"बोलून झालंय," मी म्हणतो आणि पान उलटतो.

ते बोलणं कसं झालं, हे कधीतरी लिहून ठेवायचं मनात होतं. तो नववीत होता तेव्हाची गोष्ट. पण त्याआधी माझ्या शाळेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी बाजू कुणाला पटायची नाही.

मी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो. वडिलांनी मला पहिलीत घातलं तेव्हा गुरुजींसमोर हात जोडून ते म्हणाले, "मास्तर, कातडं तुमचं, हाडं आमची." संपलं. त्यानंतर मी शाळा सोडेपर्यंत त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पालकसभा नावाचा प्रकारच नव्हता. बाजाराच्या दिवशी गुरुजी रस्त्यात भेटले तर वडील विचारायचे, "पोरगं ठीक हाय ना?" गुरुजी म्हणायचे, "ठीक आहे." तेवढ्यात माझं सगळं प्रगतिपुस्तक येऊन जायचं.

प्रार्थना झाली की आम्ही हात पुढे करून उभे राहायचो. नखांत माती दिसली की बोटांवर पट्टी. केस कानावर आलेले दिसले तर गुरुजी कात्री घेऊन यायचे आणि डोक्याच्या मधोमध एक पट्टा कापून ठेवायचे, शेतातून पायवाट जावी तसा. मग न्हाव्याकडे गेल्यावाचून गत्यंतर नसे. न्हावी मळ्यातच यायचा. लिंबाच्या झाडाखाली पोतं टाकून आम्हा भावंडांना एकामागून एक बसवायचा. त्याचं हातमशीन केस कापायचं कमी आणि उपटायचं जास्त. आमच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि वडील खाटेवरून ओरडायचे, "अजून बारीक कर. परत लवकर बघाया नको." आता ते लिंबाचं झाड आणि ते पोतं आठवलं की फार बरं वाटतं. तेव्हा मात्र मुळीच बरं वाटत नव्हतं, हेही खरं.

आमच्या वेळी बाप पोराला शाळेच्या हवाली करायचा. आता शाळा पोराला बापाच्या हवाली करते. मुलगा नाशिक रोडच्या शाळेत जायला लागला तेव्हापासून मी हे बघत आलो. मोबाइलवर पालकांचा ग्रुप, त्यावर रोज सूचना. कान दिसले पाहिजेत, कल्ले नकोत, बाजूला रेघा नकोत, रंग नको, मुलींना दोन वेण्या, नखं कापलेली, बूट पॉलिश केलेले. आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी एकच वाक्य: याची जबाबदारी पालकांची राहील. मला ते वाक्य आवडायचं. ग्रुपवर पहिला अंगठा माझाच असायचा.

मुलगा लहान होता तेव्हा काही प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी आम्ही दोघं सलूनमध्ये जायचो. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्याला वर बसवायचे आणि सलूनवाला आरशातून मला विचारायचा, "साहेब, कसे ठेवू?" मी सांगायचो, "मिलिटरी." तिथून निघालो की मिसळ. सुरुवातीला तो माझ्या ताटलीतला पापड फक्त खायचा, मग दही, मग रस्सा चाखून हा हू करत पाणी प्यायचा. मानेवर कापलेले केस टोचत असायचे, मिसळीने नाक वाहत असायचं आणि तोंड सतत चालू असायचं. शाळेत कोण कोणाशी भांडलं, कोणत्या सरांची गाडी पंक्चर झाली, सगळं मला त्या टेबलावर कळायचं. आठवड्याभरात आम्ही दोघं जेवढं बोलत नसू तेवढं तिथे बोलायचो.

आठवीत एका रविवारी तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही जाऊन या." त्याला काचेच्या दाराचं, गाणी लावलेलं दुसरं सलून सापडलं होतं. तिथून आला तेव्हा बाजूला साफ आणि वर झाडू. मी ओरडलो. मग ओरडणं रोजचं झालं. पोर हळूहळू हो, नाही आणि बघतो यांवर आलं. नववीत तर दाराआड कानात वायरी घालून बसायचं. बायको म्हणायची, "वय आहे." मी म्हणायचो, "माझंही होतं." खरं सांगायचं तर केसांचं मला काही नव्हतं. पोरगं हातचं जातंय ही भीती होती, आणि ती भीती मला त्याच्या डोक्यावर दिसायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळेने पालकसभा बोलावली. मुलांनाही बरोबर आणा, असा निरोप होता. मुख्याध्यापिका मॅडम शांत, पण चांगल्या कडक. त्या म्हणाल्या, "मुलं शाळेत थोडे तास असतात, बाकीचा सगळा वेळ तुमच्या घरी. आम्ही गेटवर अडवलं की तुम्ही भांडायला येता. मग शिस्त लावायची जबाबदारी कोणाची, हे आज तुम्हीच सांगा." सभागृहात सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

माझा स्वभाव असा की चारचौघांत कुणी बोलत नसेल तर मला राहवत नाही. मी उठलो. "मॅडम, शाळेचं बरोबर आहे," मी म्हणालो. "लाड आपण करायचे आणि खापर शाळेवर फोडायचं, हे बंद झालं पाहिजे. पोरगं माझं, जबाबदारी माझी. सोमवारी हा केस कापूनच येईल. नाही आला तर गेटमधून आत घेऊ नका. आणि मला फोनसुद्धा करू नका, त्याचं तो बघेल."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवता वाजवता सगळ्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या डोक्याकडे बघितलं, मागच्या रांगेतल्यांनी तर उठून. त्याच्या वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. त्याचे कान लालबुंद झाले. मी खाली बसलो तेव्हा त्याने खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

त्यानंतर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. रविवारी मी म्हटलं, "चल, दोघंही जाऊ." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुपारी म्हटलं, "अजून वेळ आहे." संध्याकाळी माझी आई मध्ये पडली, तिलाही दाद नाही. पूर्वी रुसला तरी "पप्पा, रिमोट कुठंय" एवढं तरी विचारायचा. आता माझ्यावरून नजर अशी फिरवायचा की जणू मी घरातलं कपाट आहे. सभेत मिळालेल्या टाळ्या मला चांगल्याच महागात पडणार, हे मला रविवारी रात्रीच कळून चुकलं होतं. पण शब्द देऊन बसलो होतो.

सोमवारी माझी रजा होती. निफाडला दादाच्या बागेत द्राक्षाचा खुडा होता. व्यापाऱ्याची गाडी लागणार होती आणि माणसं कमी होती. भल्या सकाळी स्वेटरवर जाकीट चढवून मी स्कूटर काढली. निघताना बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणालो, "गेटवरून परत पाठवलं तर मी येणार नाही." बागेत पोचल्यावर मी फोन डिक्कीत टाकून दिला. मी नको म्हटलं तरी शाळा फोन करणारच, आणि फोन आला की आपण विरघळणार, एवढं मी स्वतःला ओळखून आहे.

मग दिवसभर मी घड कापत होतो. निफाडची थंडी, ओल्या पानांखाली वाकून बोटं बधिर झालेली, कात्रीचा आवाज, पलीकडच्या ओळीतून दादाच्या शिव्या. लहानपणी हेच करायचो, तेव्हा वडील ओळीच्या टोकाला उभे असायचे. एखादा मणी तोंडात टाकताना दिसला की खडा मारायचे. त्यांची फार आठवण आली. दुपारी भाकरी खाल्ली आणि तिसऱ्या प्रहरी, द्राक्षांचा एक क्रेट मागे बांधून मी परत फिरलो. फोन डिक्कीतच राहिला.

कॉलनीत वळलो तर आमच्या बिल्डिंगखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. खांद्यावर टॉवेल टाकलेली पुरुषमंडळी. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जिन्याशी चपलांचा ढीग, आणि तो ढीग आमच्याच दाराच्या दिशेने वर गेलेला. घरात एकटी आई होती. बायको सिन्नरला कंपनीत कामाला, ती संध्याकाळी येणार. मी स्कूटर तशीच टाकली, क्रेट आडवा झाला, द्राक्षं रस्त्यावर घरंगळली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका पाठमोरे उभे होते. कॉलनीत कुणी गेलं की बांबूपासून मडक्यापर्यंत सगळं तेच बघतात. त्यांचा दंड धरून मी विचारलं, "काका, कोण गेलं?"

काकांनी वळून पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. "अहो," ते म्हणाले, "तुम्ही."

झालं होतं ते असं. मला ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

दुपारी आमचा मुलगा गणवेशात, दप्तर पाठीला लावून घरी आला तो पूर्ण टक्कल करून. काका खालीच उभे होते. नुसतं टक्कल असतं तर त्यांनी तिरुपतीचा प्रसाद मागितला असता. पण पोराच्या ओठावरची कोवळी लव, जिला अजून कधी वस्तरा लागला नव्हता, तीही साफ होती. आमच्या मंडळींत बाप हयात असेपर्यंत मिशी उतरवत नाहीत. वडील गेले तेव्हा गंगेवर मी पहिल्यांदा उतरवली. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि डोकं आणि मिशी दोन्ही साफ करून कुणी गंगेवरून आला की त्याला काही विचारावं लागत नाही. त्यातून पोराचे डोळे सुजलेले. त्याने काकांना एवढंच विचारलं, "पप्पांचा काही निरोप आलाय का?" आणि पायऱ्या चढत वर पळाला.

वर आईने दार उघडलं. समोर नातवाचं डोकं. "काय झालं रं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आजी, पप्पा फोन उचलत नाहीयेत," आणि हुंदके देऊन रडायला लागला. आई उंबऱ्यातच खाली बसली. तिचं रडणं मग साऱ्या बिल्डिंगला ऐकू गेलं.

पुढचं काम कॉलनीने केलं. पहिल्या मजल्यावर मी गाडीवरून पडलो होतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत निफाडच्या रस्त्यावर चांदोरीच्या पुढे मला ट्रकने उडवलं होतं. मुलाला विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. रडणाऱ्या पोराला काय विचारणार? एका भल्या माणसाने शंका काढली की मुंडण दहाव्याला करतात, आधी कसं? त्यावर काका म्हणाले, अग्नी देणाऱ्याचं काही घरांत आधी करतात. यावर दोन्ही बाजूंनी बरीच चर्चा झाल्याचं मला सांगण्यात आलं. काकांनी बांबू आणायला माणूस पाठवला आणि बायकोला सिन्नरला फोन करून सांगितलं, "घाबरू नका, लगेच घरी या." असा निरोप ऐकून कोण घाबरणार नाही?

मी वर गेलो. बायकांच्या गराड्यात आई बसली होती. मला बघून बायका मागे सरल्या. आई भिंतीला धरून उठली, माझी हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे वळवून बघितलं, खांदे चाचपले. मग तिने माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला. "कुठं मेला होतास रं?" ती म्हणाली. आमच्याकडे उशीर करून आलेल्याला असंच विचारतात, तिच्या तोंडात ते कायमचंच आहे. पण म्हणून झाल्यावर तिने स्वतःच तोंडाला पदर लावला.

स्वयंपाकघराच्या दारात तो उभा होता. पांढरंफेक डोकं, त्याला लटकवल्यासारखे कान, उघडा पडलेला ओठ. एकदम लहान दिसत होता, आणि एकदम मोठाही. मला सगळा हिशेब एका क्षणात लागला. मी म्हणालो होतो केस काप, हा म्हणाला घ्या मग. बापाच्या नावाने टक्कल करून घरी आला, आणि माझ्या म्हाताऱ्या आईला त्याने उंबऱ्यात बसवलं. माझा हात वर गेला.

"फोन कशाला घेतलाय तुम्ही?" तो ओरडला.

माझा हात वरच राहिला.

"किती फोन केले मी! रिंग जातेय, जातेय, आणि तुम्ही उचलत नाही. घराबाहेर पडल्यावर फोन जवळ ठेवायचा असतो, एवढं कळत नाही तुम्हाला? घरात माणसं आहेत, त्यांना काय वाटेल, याचा काही विचार? काही जबाबदारी आहे की नाही तुमची?"

एकेक वाक्य माझं होतं. आवाजसुद्धा माझा, शेवटच्या शब्दावर चढणारा. त्याच्या नाकातून पाणी येत होतं, ते त्याने बाहीला पुसलं आणि पुन्हा सुरू झाला. सगळी कॉलनी दारात उभी राहून ऐकत होती. मला मध्येच थांबवता आलं असतं. पण दोन दिवसांनी पोरगं माझ्याशी बोलत होतं. मी हात खाली घेतला, प्रार्थनेला उभं राहावं तसा उभा राहिलो आणि त्याचं बोलून होईपर्यंत ऐकलं. मग म्हणालो, "चुकलं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बायको रिक्षातून रडत उतरली तेव्हा मी खालच्या खुर्च्यांवर काकांच्या शेजारी बसून चहा पीत होतो. तिने पर्स मला फेकून मारली. काका म्हणाले, "वहिनी, शुभ आहे. मरणाची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं." जमलेल्या लोकांनी क्रेटमधली उरलेली द्राक्षं खाल्ली, माल गोड असल्याचं सांगितलं आणि खुर्च्या उचलल्या. रात्री पालकांच्या ग्रुपवर मला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली जात होती. मीच लिहिलं की मी ठीक आहे, गैरसमज झाला. त्यावर एकाने, सवयीने असेल, पुन्हा हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मला हसू येत होतं आणि येत नव्हतंही. पोराला मी इतका नकोसा झालो का, हे एकच डोक्यात घुमत होतं. दुखावायचं म्हणून त्याला दुसरं काहीही करता आलं असतं. त्याने माझं मरण निवडलं, तेही गंगेवर जाऊन. बायकोला मी म्हणालो, "पोरगं गेलं हातचं." ती म्हणाली, "उद्या शाळेत सोडायला तुम्ही जा."

मंगळवारी सकाळी धुकं होतं. त्याच्या डोक्यावर आईने माझी जुनी माकडटोपी चढवली. तो मागे बसला. आमच्या घरात समोरासमोर बसून कुणाला मनातलं बोलता येत नाही. माझ्या वडिलांना येत नव्हतं, मला येत नाही. उड्डाणपुलाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या पाठीमागून, लोकरीतून गाळल्यासारखा आवाज आला.

"काल सलून बंद होती."

मी आरशात बघितलं. टोपीतून फक्त डोळे दिसत होते.

"गेटवर सर म्हणाले, कापून ये, मग आत घेतो. मी सगळीकडे फिरलो. सोमवार होता ना." तो थांबला. "मग आठवलं, गंगेवर न्हावी रोज बसतात. मी बसने पंचवटीत गेलो. तिथे एक म्हातारे काका होते. त्यांना म्हटलं केस कापायचेत. त्यांनी माझ्या गणवेशाकडे बघितलं. म्हणाले, 'शाळेतनंच आणलं का रे तुला?' मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, 'कोण गेलं?'"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली, पण हळू.

"मला नुसतं सांगता आलं असतं की कोणी नाही," तो म्हणाला. "पण तुमचा राग आला होता. मी म्हटलं, पप्पा."

मी गाडी डाव्या बाजूने चालवत राहिलो.

"मग त्यांनी माझ्या डोक्यावर हळूहळू पाणी ओतलं. नवीन ब्लेड काढलं. ओठावर फिरवताना म्हणाले, 'हलू नको बाळा, पहिलीच वेळ आहे.' झाल्यावर टॉवेलने तोंड पुसून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, 'आता रडत बसायचं नाही. आईला बघायचं, म्हातारं माणूस असेल तर त्याला बघायचं. आता घराची जबाबदारी तुझी.'"

त्याने माझं जाकीट मागून मुठीत धरलं होतं, हे मला तेव्हा जाणवलं.

"मी त्यांना सांगणार होतो की खोटं आहे. पण मला रडू यायला लागलं, आणि ते पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मी घाटावरूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलला नाही. परत लावला. बसमध्ये पूर्ण रस्ताभर लावत होतो. पप्पा, मला वाटलं, मी म्हटलं म्हणून..."

पुढचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँड लावलं आणि उतरलो. टोपीवरून त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी एवढंच म्हणालो, "आहे ना मी. हा काय." दोघंही थोडा वेळ तसेच उभे राहिलो, शाळेत जाणारी पोरं बघत होती तरी. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "चला, बेल होईल."

गेटवर सरांनी त्याच्या टोपीकडे पाहिलं, टोपीखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. तो आत गेला. परत येताना पुलाखाली माझ्या डोक्यात आलं की काल घाटावरून, बसमधून तो मला फोन करत होता तो शाळेच्या दप्तरातून काढून. त्या शाळेत फोन नेणं हा केसांपेक्षा मोठा गुन्हा होता आणि त्याचीही जबाबदारी पालकांची होती. तो फोन त्याच्याकडे कुठून आला, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही.